आठवा फेडर

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, मांसमच्छी खाता का हेही विचारलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वर जाऊन या बरं. मंग खाली या. चप्पल घालूनच जा."

मी वर गेले, खाली आले.

"डावी टाच आपटून राहिल्या तुम्ही," ते डोळे न उघडता म्हणाले. "पण चालते. तुमच्या आधीचा पोट्टा म्हणजे रोडरोलर होता."

अशी मला रायपूरच्या बुढापाऱ्यातली ती खोली मिळाली. तिच्या बरोबर खाली काकांची रेकॉर्डिंगची खोली होती, म्हणून भाडेकरूची परीक्षा पायांवरून. मी वर्ध्याची. नवा रायपुरात एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत माझी कंत्राटी नोकरी होती. अधिकाऱ्यांना कामकाज शिकवणारे आवाजी धडे कॉम्प्युटरवर कापायचे, जोडायचे, त्यातले खोकले काढून टाकायचे. खोकले काढण्यात मी तरबेज आहे आणि संगीताशी माझं नातं तेवढंच. गाण्याबजावण्याच्या माणसांचा मला जरा कंटाळाच आहे, हे आधीच सांगून टाकते. डोळे मिटून मान हलवणारा माणूस दिसला की उठून जावंसं वाटतं. काका तर अर्धा दिवस डोळे मिटूनच असत.

गल्लीत त्यांना माइकवाले काका म्हणत. तरुणपणी ते लग्नाला, गणपतीला, सभेला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. पुढे छत्तीसगढी गाण्यांच्या कॅसेटी निघू लागल्या तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत भिंतीभर गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केला. त्या गाद्या मी गेले तेव्हाही होत्या आणि पावसाळ्यात त्यांना वास यायचा. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, गाणारी मंडळी आपापल्या मोबाइलवर रेकॉर्ड करू लागली. काका राहिले आणि गाद्या राहिल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, ताई, दोघंच.

कुठल्याही नव्या घरात शिरले की काका मधोमध उभे राहून एक टाळी वाजवायचे आणि ऐकत राहायचे. घरच्यांना वाटायचं आरती सुरू होणार. मग पंखा बंद करायला सांगायचे, मग फ्रीज. एकदा एका घरी माणूस गेला म्हणून भेटायला गेलो, तर तिथेही त्यांनी फ्रीज बंद करायला लावला. बाहेर आल्यावर मी बोलले तर म्हणाले, "तो पोरगा रडून राहिला होता, अन् मधात ते घुर्र घुर्र. रडणं तर नीट ऐकू आलं पायजे माणसाचं."

स्टुडिओचे कायदे वेगळे. चहा स्टीलच्या पेल्यात, बशी नाही, कारण बशी वाजते. बांगड्या काढून ठेवायच्या. गाणं संपल्यावर काकांचं वर केलेलं बोट खाली येईपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. आणि 'छान झालं' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "छान जेवण असते. आवाज पुढे आहे का मागे आहे ते सांगा." कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते गमछा टाकून ठेवत. आवाजाच्या त्या हिरव्या रेघा त्यांना बघवत नसत. "डोळे उघडे राहिले का कान आळशी होते," असं त्यांचं म्हणणं. मी दिवसभर त्याच रेघा बघून पोट भरत होते, त्यामुळे हा टोमणा मला रोज मिळायचा.

एवढ्या कानाच्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आधी वाटलं तंद्रीत असतील. मग दारावरची बेल. मग मोबाइल. शेवटी पोळ्या करायला येणाऱ्या दीदीनंच जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "भैया ल सुनाई नइ देवय, दीदी. कोनो ल बतावय नहीं." मी शहाणपणा करून काकांना म्हटलं की एकदा कान तपासून घ्या. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. पुढे कितीतरी दिवस मला काही सांगायचं असलं की ते जिन्याचा कठडा वाजवायचे आणि मी खाली आले की दुसरीकडे बघून दीदीला सांगायचे.

त्यांना भीती कशाची होती ते घरातच दिसत होतं. ताई.

ताई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. रिटायर होता होता त्यांचे कान गेले. यंत्र आणलं, पण त्यात नुसती खडखड येते म्हणून त्यांनी ते डब्यात टाकून दिलं. बोलायच्या मात्र भरपूर आणि मोठ्यानं, कारण स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे. मग एका लग्नात नात्यातल्या एका मुलीनं ओठांवर बोट ठेवून त्यांना खुणावलं, "बुआ, धीरे बोलो ना, सब देख रहे हैं." मुलगी वाईट नव्हती, तिला लाज वाटली इतकंच. ताईंनी मान हलवली, पानावरून उठल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी होत गेलं. मी राहायला आले तेव्हा त्या हसायच्या, खुणा करायच्या, मला बोलावून हातावर बर्फी ठेवायच्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आणि एकेकाळी त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गाणं म्हणजे ताईंचंच. हे मला काकांनी सांगितलं, बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर. आमच्या विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई आणि भुलोजीची मातीची जोडी मांडतात, संध्याकाळी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. तिकडून नोकरीधंद्याला रायपूरला आलेल्या घरांनी भुलाबाईही सोबत आणली. बुढापाऱ्यातल्या मराठी मुली काकांच्या घरी जमायच्या. गाणं ताई चालवायच्या, बाकीच्या त्यांच्या मागून म्हणायच्या. मुलग्यांना आत मज्जाव. काका बाहेर ओट्यावर बसून ऐकायचे.

त्यांना आता एवढंच हवं होतं: त्यांपैकी अजून गावात असलेल्या सात जणींची गाणी पुन्हा एकत्र, आणि त्यात ताईंचा आवाज. "तिच्या मैत्रिणीईचा आवाज तिच्यापर्यंत पोचवला ना, कसाही करून, तर निघते तिच्या तोंडून. मले माहीत आहे तिचं," ते म्हणायचे. "एकदा बोलली पायजे ती. गाण्यात तरी." स्वतःचे कान आहेत तोवर त्यांना ते ऐकायचं होतं. हे शेवटचं ते बोलत नसत, पण त्यांची घाई दिसायची आणि मला ती बघवत नसे.

अडचण यंत्राची होती. आवाज मिसळायचा त्यांचा जुना मिक्सर गाद्यांच्या ओलीनं मेला होता. माउसनं काम करायला ते तयार नव्हते. "सात बाया अन् एक बोट? एकीले उचललं का दुसरी पडली." मग एक दिवस खोक्यातून फेडरची पेटी आली. आठ सरकते दांडे, तेच फेडर, एकेका आवाजाला एकेक. वर सरकवला की तो आवाज वाढतो, खाली ओढला की कमी. पेटी स्वतः काही वाजवत नाही. बोट कुठवर गेलं एवढंच ती कॉम्प्युटरला कळवते. जोडून देण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

रविवारची सकाळ त्यात गेली. केबल लावली, पेटीचे दिवे लागले, आणि सॉफ्टवेअरला तिचा पत्ताच नाही. काका डोक्याशी उभे. "लागली काय?" "नाही." "आता?" "नाही, काका." माहितीचा कागद त्यांनी आधीच केरात टाकला होता, तो शोधून पुसून वाचला, तेव्हा कळलं की एक बटन दाबून धरूनच पेटी चालू करावी लागते, नाही तर ती भलत्याच सॉफ्टवेअरसाठी तयार होते. ते केलं. मग दांडे चालू लागले पण त्यांच्याखालची बटनं अंधारात. सेटिंगमध्ये पेटीकडून येणाऱ्या निरोपाची वाट मी निवडली होती, तिच्याकडे जाणाऱ्या निरोपाची नाही. ती निवडल्यावर सगळे दिवे एकदम लागले आणि काका चक्क हसले.

हसू टिकलं नाही. त्यांनी पहिला दांडा हळूहळू वर नेला. काहीच नाही. आणखी वर. काहीच नाही. मग अचानक आवाजानं दांड्याला धरलं आणि तिथून पुढे तो बोटाबरोबर चालू लागला.

"खराब आहे," काका म्हणाले.

खराब नव्हती. या पेटीचे दांडे आपणहून हलत नाहीत. आत आवाज एका उंचीवर सोडलेला असतो आणि दांडा दुसरीकडेच पडलेला असतो. आवाज एकदम उडी मारू नये म्हणून आत अशी सोय असते की बोट त्या सोडलेल्या जागेवरून गेल्याशिवाय दांडा लागू होत नाही. मला वाटलं ते वैतागतील, बंद करून दे म्हणतील. पण ते किती तरी वेळ त्याच दांड्याशी खेळत बसले.

"म्हणजे जिथे सोडलं होतं तिथपर्यंत आपणच जावं लागते," ते म्हणाले.

"हो."

"बरोबर आहे. राहू दे असंच."

मग त्यांनी चिकटपट्टीचे तुकडे कापून दांड्यांखाली नावं लावली. कुमुद, शालू, विमल अशी सात, आणि आठव्याखाली ताई.

साती जणी आता एका ठिकाणी जमणं शक्य नव्हतं. कोणाचे गुडघे, कोणाची सून, कोणाचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. म्हणून आम्हीच लॅपटॉप घेऊन काकांच्या स्कूटरवर घरोघर गेलो. स्कूटरवर मागे बसून मला सारखी धास्ती असायची, कारण मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न मला ऐकू यायचा आणि त्यांना नाही. शालूमावशी नवा रायपुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. तिथे काकांनी टाळी वाजवली, फ्रीज बंद करवला, आणि त्यांच्या नातवानं आईला विचारलं, "मम्मी, ये अंकल कौन हैं? दादी को क्या हुआ?" विमलमावशींचा मुलगा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात होता, त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर काळी पूड बसलेली असायची आणि त्या दर दोन ओळींनी खोकायच्या. ते खोकले मी नंतर काढले.

प्रत्येकीच्या कानात हेडफोन घालून फक्त टिपऱ्यांचा ठोका ऐकवायचा आणि गा म्हणायचं, अशी रीत. सगळ्यांचं सुरुवातीला एकच. टिपऱ्या सुरू झाल्या तरी त्या गप्प बसून राहायच्या आणि जरा वेळानं गाणं उचलायच्या. "एकटीनं भुलाबाई म्हणते का कोणी?" विमलमावशी म्हणाल्या, पण म्हटली. आम्हाला वाटलं, वय झालं, दम घेतात.

साती आवाज गोळा झाले तेव्हा काकांनी मला समोर बसवलं, पडद्यावर गमछा टाकला, साती दांडे वर नेले. टिपऱ्या वाजू लागल्या. टिपऱ्याच वाजत राहिल्या. मग साती बायका एकदम उठल्यासारख्या गाऊ लागल्या, ओळ संपली, पुन्हा नुसत्या टिपऱ्या. पुन्हा साती जणी. पुन्हा रिकामं.

"मधातलं कापलं काहून तू?" काका म्हणाले.

मी काही कापलं नव्हतं. गमछा सारून एकेकीचं रेकॉर्डिंग वेगळं लावून पाहिलं. प्रत्येक जण बरोबर त्याच जागी गप्प होती. एकटी गाताना ते दम घेतल्यासारखं वाटत होतं, सात जणी एकत्र केल्यावर ते भोक दिसलं. काकांनी ते आणखी एकदा लावायला सांगितलं.

"तिची वाट पाहून राहिल्या," ते शेवटी म्हणाले. "सातही जणी. ओट्यावर आम्हाले असंच ऐकू यायचं. ती हळू म्हणायची, ते बाहेर नाही यायचं. ह्या जोरात म्हणायच्या, ते यायचं. म्हणून माह्या बी ध्यानात नाही आलं."

आम्ही कुमुदमावशींकडे गेलो. त्या जवळच, त्याच पाऱ्यात राहायच्या आणि सातींत त्यांचे कान अजून शाबूत होते. काकांनी विचारलं की मधल्या ओळी तुम्ही म्हणाल का. त्या म्हणाल्या, "अर्थ सांगते ना. ती विचारायची, आम्ही सांगायचो. पण शब्द ताईपाशी आहेत, बाप्पा. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहून पुढचं म्हणायचो. ती थांबली का आम्ही सुरू."

म्हणजे आता ताईंच्या नुसत्या आवाजाचा प्रश्न नव्हता. अर्धी गाणीच त्यांच्यापाशी होती आणि त्या बोलत नव्हत्या. काकांचं जेवण कमी झालं. पोळ्यावाली दीदी ताट परत नेताना माझ्याकडे बघायची.

त्यांनी तयारी मात्र मन लावून केली. भाड्याच्या दिवसांतला एक जुना स्पीकरचा खोका माळ्यावरून उतरवला आणि त्यातून टिपऱ्यांचा ठोका आणि साती आवाज इतके जड काढले की फरशी थरथरायची. दुपारी ताईंना आणून त्या खोक्याशेजारी बसवलं, त्यांचा तळहात खोक्यावर ठेवला. ताईंनी एकदा ठोका हाताला लागताच भुवया उंचावल्या. काकांनी सात जणींची नावं पाटीवर लिहून दाखवली. ताईंनी मान हलवली. त्यांना समजलं होतं. माइक त्यांच्या तोंडाजवळ आणला. काका पेटीसमोर बसले, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, आठव्या दांड्यावर बोट. मी दाराशी उभी. कायद्याप्रमाणे कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

पहिली रिकामी जागा आली आणि गेली. ताई खोक्याकडे बघत होत्या. दुसरी गेली. काकांनी आठवा दांडा आणखी वर सरकवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

तिसऱ्या जागेला ताईंचे ओठ हलले.

मला ऐकू आलं. अगदी बारीक, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं इतक्या आवाजात, पण सुरात आणि ठोक्यात. ओळीत विशेष काही नव्हतं. विहिरीवर राहिलेली घागर कोणाची, एवढंच विचारलेलं होतं. इतकी वर्षं ज्यांना हळू बोला म्हणून सांगितलं होतं त्या बाई हळूच गात होत्या. साती जणींचं उत्तर आलं. ताईंनी त्या उत्तराच्या ठोक्यांवर मान हलवली आणि पुढच्या ओळीसाठी तोंड उघडलं. मी काकांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले, त्यांनी बघावं म्हणून.

त्याच वेळी त्यांनी साती दांडे झरकन खाली ओढले आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

"राहू दे, ताई," ते हेडफोन काढत म्हणाले. "नाही होत ना? राहू दे."

ताईंच्या हाताखालचा ठोका थांबला. त्यांनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग चटकन तोंडावर पदर घेतला. आपण पुन्हा मोठ्यानं बोललो, असं त्यांना वाटलं.

मी काकांना सांगितलं. तिथल्या तिथे, मोठ्यानं, दोनदा. ताई गात होत्या म्हणून. काकांनी रेकॉर्डिंग परत लावलं, आठवा दांडा पार वरपर्यंत नेला, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून ऐकलं. "खरखर आहे," ते म्हणाले. मी गमछा ओढून रेघ दाखवली. "हे बघा, इथून इथपर्यंत."

"गाणं डोळ्यानं पाहू काय आता?" ते म्हणाले. "मी कानात घालून बसलो होतो, पोरी. मले नाही आलं ऐकू. म्हणजे नव्हतं." आणि हेडफोन गुंडाळत म्हणाले, "तुले माहं मन राखायचं आहे, समजते मले. नको राखू."

त्यांचं मन राखायची मला तेव्हा जराही इच्छा नव्हती. मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. पण कान गेले हे कबूल केल्याशिवाय त्यांना माझं पटणार नव्हतं, आणि तेवढं कबूल करायची ताकद त्यांच्यात नव्हती. मी पाटी घेऊन ताईंकडे गेले. 'बरोबर झालं होतं, परत म्हणा' असं लिहिलं. त्यांनी वाचलं, माझ्या गालाला हात लावला आणि नाही म्हणून मान हलवली. नंतरही कधी त्या माइकसमोर बसल्या नाहीत. काकांनीही पुन्हा विचारलं नाही. म्हातारीला उगाच छळलं, असंच ते धरून बसले.

उन्हाळ्यात ताई गेल्या. दोन दिवसांचा ताप आणि संपलं. काका रडले की नाही मला माहीत नाही. मी वर होते आणि खालून काही ऐकू आलं नाही. नंतर ते रेकॉर्डिंगच्या खोलीत फार जात नसत. दुपारभर ओट्यावर बसून असत. गल्लीतल्या पोरांनी हाक मारली तरी वळत नसत, आणि आता त्यांनी ते लपवणंही सोडून दिलं होतं.

ती गाणी एकत्र ऐकायचं कुमुदमावशींनीच काढलं. कोजागिरीला सगळ्या जणी जमू, जशी आहेत तशी ऐकू, म्हणाल्या. जमवाजमव मी केली. आठव्या दांड्यावरची ती एक ओळ मी तिच्या जागी तशीच राहू दिली होती. काकांना विचारलं तर म्हणाले, "असू दे ती खरखर. ती बसली होती तिथे, तिच्या लुगड्याचा तरी आवाज असंल त्यात."

म्हाताऱ्या बायकांची कोजागिरी उजेडातच. चंद्राची वाट बघत बसलं तर परत कोण नेऊन सोडणार? पाच वाजताच दूध आटवून झालं होतं. सातींपैकी पाच आल्या. शालूमावशींना मुलगा सोडून गेला आणि आठ वाजता न्यायला येतो म्हणाला. काकांनी पेटी पुढ्यात घेतली, दांडे वर नेले आणि गाणं लावलं. त्यांच्यापर्यंत त्यातलं काही पोचत होतं की नाही कोण जाणे. ते डोळे उघडे ठेवून बायकांच्या तोंडाकडे बघत होते.

टिपऱ्या. पहिली रिकामी जागा. बायका खाली मान घालून बसलेल्या. उत्तर आलं. दुसरी जागा, पुन्हा उत्तर. मग तिसऱ्या जागेला ताईंची ओळ आली, खरखरीतून, पण स्वच्छ. पाचही जणींच्या माना एकदम स्पीकरकडे वळल्या. विमलमावशींच्या हातातला पेला कलंडला. आणि ओळ संपताच पाचही जणी, कोणी न सांगता, उत्तर म्हणून गेल्या.

काकांनी गाणं थांबवलं. "काय झालं?" ते म्हणाले. "काय झालं? काहून पाहून राहिल्या तिकडे?"

कुमुदमावशी उठून त्यांच्याजवळ आल्या आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ताई म्हणाली रे."

"कुठे?"

"आत्ता. विहिरीवरची ओळ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. जे सांगायचं ते मी केव्हाच सांगून बसले होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मले दाखवा," ते म्हणाले. "कुठून कुठपर्यंत ते दाखवा."

कुमुदमावशी त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि त्यांनी काकांचं मनगट हातात घेतलं. "म्हणायला लागली का दाबते," त्या म्हणाल्या. मी गाणं पहिल्यापासून लावलं. पहिल्या जागेला मावशींचा हात नुसता होता, दुसऱ्या जागेला नुसता होता. तिसऱ्या जागेला त्यांनी मनगट घट्ट दाबलं, ओळ चालू होती तोवर दाबून धरलं आणि ओळ संपल्यावर सोडलं.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच."

ते माझ्याकडे वळले. "पुढचीही म्हणणार होती काय ती? मी बंद केलं तेव्हा?"

मी हो म्हटलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मला ते ओरडून म्हणावं लागलं.

त्यांनी मान हलवली. मग मनगट पुन्हा कुमुदमावशींपुढे धरलं आणि मला म्हणाले, "लाव परत."